महिन्याचं बिल ठरवणारा अर्धा तास

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात खराडीतली सहा मजली ऑफिस इमारत, 22 केव्हीची जोडणी, कॉन्ट्रॅक्ट डिमांड (महावितरणशी ठरलेली विजेची जास्तीत जास्त ओढ) 450 केव्हीए. मार्चच्या बिलात 486 केव्हीए नोंदली गेली आणि दंड बसला. आता इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, करार वाढवून 550 करा. एक विक्रेता बॅटरी घेऊन मागे लागलाय. मालकांच्या डोक्यात गच्चीवरचं सोलर आहे. देखभाल बघणाऱ्या मॅनेजरांनी विचारलंय, यातलं काय करू?

माझं उत्तर: पुढचा महिनाभर तरी यातलं काहीच करू नका. आधी हे 486 कधी झाले ते शोधा. तारीख, वार आणि अर्धा तास. ते कळल्याशिवाय खर्च केलात तर अंधारात दगड मारल्यासारखं होईल.

बरेच जण समजतात तसा हा आकडा एखाद्या क्षणाचा नसतो. लिफ्ट सुरू होताना बसलेला झटका मीटरने पकडला, असं मला निदान शंभर वेळा तरी ऐकवलं गेलंय. आपल्याकडे मागणी मोजतात ती अर्ध्या तासाच्या टप्प्यावर. त्या तीस मिनिटांत जितके केव्हीए-तास वापरले त्याची दुप्पट म्हणजे त्या टप्प्याची डिमांड. महिन्यात असे सुमारे 1,440 टप्पे येतात आणि त्यातला सगळ्यात उंच टप्पा बिलावर छापला जातो. लिफ्टच्या मोटरचा सुरुवातीचा धक्का तीन-चार सेकंदांचा. तीस मिनिटांच्या सरासरीत तो कुठल्या कुठे विरून जातो. त्यामुळे डिमांड कमी होईल म्हणून लिफ्टला नवा ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण) कोणी विकत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. ड्राइव्हचे फायदे आहेत, पण ते वेगळे.

याच हिशोबाची दुसरी बाजू तुमच्या कामाची आहे. वीस मिनिटं 500 केव्हीए ओढले आणि उरलेली दहा मिनिटं 350 वर आणली, तर सरासरी 450 येते. म्हणजे टप्पा अर्ध्याहून जास्त बिघडला तरी हातात दहा मिनिटं असतात.

आता पैशांचं. डिमांड चार्ज वीज नियामक आयोगाच्या दरआदेशाप्रमाणे बदलतो, म्हणून हिशोबापुरते केव्हीएला दरमहा 600 रुपये धरू. करारातल्या 450 चे झाले 2,70,000. वरच्या 36 केव्हीएला दीडपट दर, म्हणजे 32,400. एकूण 3,02,400. त्याच महिन्यात डिमांड 400 वर रोखली असती तर 2,40,000 वर भागलं असतं. फरक 62,400 चा, आणि तोही एका अर्ध्या तासामुळे. शिवाय हा आकडा पुढेही पाठ सोडत नाही. बिलिंग डिमांड, म्हणजे ज्या आकड्यावर पैसे लागतात तो, काढताना मागच्या 11 महिन्यांतल्या सर्वांत मोठ्या बिलिंग डिमांडचे 75 टक्के, कराराच्या मर्यादेत, हाही एक निकष असतो. तुमच्या बाबतीत ते 450 चे 75 टक्के, म्हणजे सुमारे 337 होतात. डिसेंबरात इमारत 280 वर चालली तरी पैसे निदान 337 चे भरायचे. करार वाढवून 550 केलात तर ती मर्यादाही वर सरकते, आणि कराराच्या ठराविक टक्क्यांचा जो किमान आकार असतो तोही वाढतो. ती किमान टक्केवारी आयोगाने गेल्या काही वर्षांत चढवतच नेली आहे. कॉन्ट्रॅक्टरचा सल्ला म्हणजे ताप आला म्हणून मोठा थर्मामीटर आणण्यातला प्रकार.

तर तो अर्धा तास शोधायचा कसा? एचटी (उच्च दाबाच्या) मीटरमध्ये लोड सर्व्हे, म्हणजे भाराची नोंद, साठवलेला असतो, टप्प्याटप्प्याने, तारीख-वेळेसह. महावितरणच्या उपविभागाकडे लेखी अर्ज करून तो मागा. मिळायला वेळ लागतो, म्हणून तोवर आपल्या मुख्य एलटी (कमी दाबाच्या) पॅनलच्या इनकमरवर, म्हणजे वीज आत येते तिथे, नोंद ठेवणारा मल्टिफंक्शन मीटर बसवा. बहुतेक पॅनलमध्ये तो असतोच, फक्त त्याची नोंद कोणी उतरवत नाही. एक गोष्ट मात्र आधी करा: त्याचं घड्याळ महावितरणच्या मीटरशी जुळवून घ्या. सात मिनिटांचा फरक असला तर तुमचा साडेनऊचा टप्पा आणि त्यांचा साडेनऊचा टप्पा वेगळे होतात, आणि तुम्ही ज्या दहा मिनिटांत भार उतरवता ती त्यांच्या हिशोबात पुढच्या टप्प्यात जातात. एका ठिकाणी हीच चूक शोधण्यात माझा सबंध उन्हाळा गेलाय.

बाणेरच्या एका इमारतीची गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्या इमारतीच्या बरीच जवळची आहे. तिथे सगळ्यांची खात्री होती की उच्चांक सोमवारी सकाळी होतो. लोड सर्व्हे आला तेव्हा निघाला गुरुवार, दुपारी साडेतीन ते चार. पुण्यात गुरुवार म्हणजे देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार, हे तुम्हाला सांगायला नको. सकाळपासून इमारत जनरेटरवर होती. जनरेटरवर दिवे, लिफ्ट, संगणक होते. चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारी यंत्रं) आणि पाण्याचा पंप नव्हते. बाहेर 38 अंश. तीन-सव्वातीनला वीज आली तेव्हा सहाही मजले तापलेले, वरची टाकी रिकामी, आणि पँट्रीत चहाची वेळ. ऑपरेटरने दोन्ही चिलर एकदम लावले, टाकीतल्या फ्लोटने (पाण्याची पातळी उतरली की चालू होणाऱ्या स्विचने) पंप स्वतःहून सुरू झाला, गिझर आणि इंडक्शन चालू होतेच. त्या महिन्याचं डिमांडचं बिल त्या अर्ध्या तासाने ठरवलं.

उपाय म्हणून आम्ही चिलरच्या पॅनलवर एक लॅमिनेट केलेला कागद चिकटवला. वीज आल्यावर पहिला चिलर लगेच. दुसरा चाळीस मिनिटांनी, तोही परतीच्या पाण्याचं तापमान अजून 12 अंशांच्या वर असेल तरच. पंप साडेचारला, हाताने. पुढच्या तीनही गुरुवारी दुसरा चिलर लावायची वेळच आली नाही. लॅमिनेशनचा खर्च तीस रुपये आला, माझी फी अर्थातच वेगळी.

मी त्या ऑपरेटरला विचारलं होतं, दोन्ही एकदम का लावतोस? तो म्हणाला, साहेब, मागच्या वर्षी एकदा पाचव्या मजल्यावर गरम झालं तर मला सगळ्यांसमोर झापलं होतं. बिल जास्त आलं म्हणून मला कधीच कोणी काही बोललं नाही. इमारतीतला उच्चांक पुष्कळदा असा भीतीतून तयार होतो. म्हणून कुठलाही बदल करण्याआधी त्या माणसाला सांगा, आणि मालकांच्या देखत सांगा, की पंधरा मिनिटं उकडलं तर जबाबदारी माझी.

तुमच्याकडे 150 टनांचे (टन हे थंड करण्याच्या क्षमतेचं माप) दोन चिलर आहेत असं लिहिलंय. स्क्रू चिलर आणि पाण्याने थंड होणारा कंडेन्सर धरला, तर प्रत्येकी शंभर-सव्वाशे किलोवॉट, वर पंप आणि कूलिंग टॉवर. म्हणजे उन्हाळ्यात तुमच्या डिमांडचा निम्म्याहून मोठा वाटा तिथेच आहे. बाकी ठिकाणी चिमटे काढण्याआधी इथे हात घाला.

शनिवार-रविवार बंद राहिलेली इमारत सोमवारी सकाळी भट्टीसारखी असते. भिंती, स्लॅब, फर्निचर, सगळ्यांनी दोन दिवसांची उष्णता धरून ठेवलेली. पावणेनऊला चिलर लावून साडेनऊपर्यंत 24 अंश गाठायचे म्हटलं की दोन्ही चिलर शंभर टक्क्यांवर धावणार, आणि नेमके तेव्हाच लोक येऊन संगणक, पँट्री, लिफ्ट सुरू करणार. त्याऐवजी सोमवारी एकच चिलर सव्वासातला लावा. लोक नसताना, ऊन चढलेलं नसताना, ताजी हवा कमीत कमी ठेवून इमारत आधी थंड करून घ्या. युनिट थोडे जास्त जातील. जाऊ द्या. साडेनऊचा डोंगर सव्वासात ते नऊमध्ये पसरतो, हे महत्त्वाचं. मंगळवार ते शुक्रवार आठला लावलं तरी चालेल.

चिलरच्या कंट्रोलरमध्ये डिमांड लिमिट किंवा करंट लिमिट नावाची, मशीनने जास्तीत जास्त किती भार ओढायचा हे ठरवणारी एक सेटिंग असते. बहुतेक ठिकाणी ती बसवल्या दिवसापासून 100 टक्क्यांवर पडून असते. ती 80 वर आणा आणि आठवडाभर बघा. मशीन बंद-चालू करण्यापेक्षा त्याला लगाम घालणं केव्हाही चांगलं. कॉम्प्रेसरही दुवा देतो. थंड पाण्याचं तापमान 7 वरून 9 अंश केलंत तर चिलरचा भार आणखी थोडा हलका होतो. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये हे सहज खपतं. जुलैच्या दमट हवेत खपणार नाही, फाइली ओलसर झाल्याची तक्रार येईल, तेव्हा परत 7 वर न्या. खोलीचं तापमानही विसरू नका. नव्या रूम एसींचं मूळ सेटिंग 2020 पासून 24 अंशांवर आलं, आणि अंशाला साधारण 6 टक्के बचत हा ऊर्जा दक्षता ब्युरोचा ठोकताळा आहे. ऑफिसात 22 वर बसून स्वेटर घालणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्याशी वाद घालू नका, थर्मोस्टॅटला कुलूप लावा.

दुसरी स्वस्त जागा म्हणजे पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामाला आलेल्या किलोवॉटचा वाटा. तुमची डिमांड केव्हीएमध्ये मोजतात हे लक्षात असू द्या. 400 किलोवॉटचा भार 0.92 वर 435 केव्हीए दिसतो आणि 0.99 वर 404. एकही दिवा न मालवता 31 केव्हीए गेले, म्हणजे 600 च्या दराने महिन्याला 18,600. एपीएफसी (कपॅसिटरने पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या) पॅनलवर हिरवे दिवे लागलेत म्हणजे कपॅसिटर जिवंत आहेत, असा अर्थ होत नाही. वायरमनला क्लॅम्पमीटर घेऊन प्रत्येक स्टेपचा करंट मोजायला सांगा. 440 व्होल्टचा 25 केव्हीएआरचा कपॅसिटर 415 वर साधारण 31 अँपिअर घेतो. तीन फेजना 31, 18, 18 दिसले तर तो गेला. मी पाहिलेल्या जुन्या पॅनलमध्ये दर चार-पाच कपॅसिटरमागे एक तरी असा मेलेला निघतो. उलट टोकही सांभाळा: रविवारी भार नसताना कपॅसिटर आत राहिले तर पॉवर फॅक्टर लीडिंग होतो आणि केव्हीए पुन्हा वाढतो. एचटी ग्राहकांना 1 एप्रिल 2020 पासून युनिटही केव्हीएएचमध्येच (केव्हीए-तासांत) लागतात, त्यामुळे चूक दोन्हीकडून भोवते. तुमच्याकडे यूपीएस आणि एलईडी भरपूर असणार, तेव्हा नवे कपॅसिटर घेताना रिअ‍ॅक्टरसकटच घ्या, नाहीतर हार्मोनिक्स (विजेच्या लहरीतला बिघाड) त्यांना दोन वर्षांत खातील.

पाण्याचा पंप छोटा म्हणून दुर्लक्षित राहतो. एक हजार लिटर पाणी 30 मीटर चढवायला सिद्धांताप्रमाणे 0.08 युनिट लागतं. मोटर आणि पंपाची कार्यक्षमता धरून 0.18 म्हणा. तुमचे रोजचे 40,000 लिटर म्हणजे सव्वासात युनिट, महिन्याच्या कामाच्या दिवसांचे 155-160. युनिटाला 14 रुपये धरले तर सव्वादोन हजार. हाच साडेसात अश्वशक्तीचा पंप उच्चांकाच्या अर्ध्या तासात फ्लोटवर चालून 6 केव्हीए टाकत असेल तर 3,600 रुपये, कराराच्या वर गेला असाल तर 5,400. म्हणजे चालवण्यापेक्षा चुकीच्या वेळी चालवण्याचा खर्च मोठा! गच्चीवरची टाकी ही इमारतीकडे असलेली फुकटची बॅटरी आहे. फ्लोटसोबत एक टायमर जोडा आणि पंप दुपारी एक ते तीनमध्ये चालवा. फ्लोट फक्त टाकी अगदी तळाला गेली तर. आग विझवायच्या टाकीला आणि पंपाला मात्र या सगळ्यापासून लांब ठेवा. तिथे कोणीही शहाणपणा करायचा नाही.

तळघरात विजेच्या गाड्यांचे चार्जर येत असतील तर आत्ताच नियम घालून टाका. साडेसात किलोवॉटचे दहा चार्जर म्हणजे 75 किलोवॉट, आणि लोक येतात साडेनऊला, म्हणजे प्लगही साडेनऊलाच लागणार. गाडी संध्याकाळपर्यंत तिथेच उभी असते. तिला बाराला चार्जिंग मिळालं काय आणि साडेनऊला मिळालं काय, मालकाला कळतही नाही.

इथे डिमांड आणि वेळेचा दर या दोन गोष्टी वेगळ्या काढून बघा, कारण माणसं त्यांची गल्लत करतात. डिमांड म्हणजे डोंगराची उंची. टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजेच वेळेचा दर) म्हणजे तो डोंगर दिवसाच्या कुठल्या तासाला उभा आहे. जुन्या तक्त्यात रात्री 10 ते सकाळी 6 युनिटाला दीड रुपया सूट, सकाळी 9 ते 12 ला 80 पैसे जास्त आणि संध्याकाळी 6 ते 10 ला 1 रुपया 10 पैसे जास्त असं होतं. तेव्हा रात्री बर्फ किंवा थंड पाणी साठवा असा सल्ला मीही दिलाय. पण गेल्या दहा वर्षांत दिवसाचं सोलर इतकं आलं की चित्र उलटलं. केंद्राने जून 2023 मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून सांगितलं की सौर तासांत दर निदान 20 टक्के कमी हवा आणि गर्दीच्या तासांत व्यावसायिक ग्राहकांना निदान 1.2 पट हवा. राज्य आयोगाने 2025 च्या दरआदेशात सवलत रात्रीवरून दिवसा 9 ते 5 वर आणली आणि जादा दर संध्याकाळी 5 ते रात्री 12 वर नेला. या आदेशांवर फेरविचार आणि कोर्टकचेरी झालेली आहे, तेव्हा तुमच्या बिलामागचा तक्ता दर महिन्याला वाचत जा. ऑफिस इमारतीला ही दिशा फायद्याचीच आहे. चार वाजता इमारत एक अंश जास्त थंड करून घ्या आणि पाचला एक चिलर काढा. लोक साडेसहाला निघतात, तोवर थंडावा पुरतो.

आता बॅटरी. 50 केव्हीए छाटायचे म्हटले तर वर्षाला 600 च्या दराने 3,60,000 वाचतात, तेही बाराही महिने उच्चांक तितका उंच असेल तरच. तुमचा उंच भाग मार्च ते जूनच आहे. विक्रेत्याच्या कोटेशनवर व्याज आणि दहा वर्षांनी सेल बदलण्याचा खर्च लावून बघा, आणि वरचे फुकटचे उपाय केल्यानंतर छाटायला 50 केव्हीए उरतात का तेही. सोलर जरूर बसवा, युनिट वाचतील. पण त्याने डिमांड उतरेल असं मालकांना सांगू नका. साडेनऊला पॅनल पूर्ण जोरावर नसतात, आणि मे महिन्यात वळवाचा एक ढग बरोबर चुकीच्या अर्ध्या तासात आला की महिन्याची कमाई गेली. जनरेटरने उच्चांक कापायची कल्पनाही कोणीतरी काढेलच. लिटरला सव्वातीन-साडेतीन युनिट मिळतात. डिझेल 90 रुपये धरलं तर नुसतं इंधनच युनिटाला सव्वीस ते अठ्ठावीसला पडतं, धूर आणि आवाज वर. नको.

हे सगळं बसल्यावर, आणि बसल्यावरच, एक मॅक्सिमम डिमांड कंट्रोलर घ्या. तो चालू टप्प्याची सरासरी कुठे चाललीय याचा अंदाज घेऊन भार क्रमाने उतरवतो. क्रम तुम्ही ठरवायचा. मी साधारण असा लावतो: आधी पँट्रीतले गिझर, मग चार्जर, मग पंप, मग रिकाम्या मीटिंग रूम आणि ट्रेनिंग हॉलचे एएचयू (थंड हवा फिरवणारी युनिट्स), आणि शेवटी चिलरची मर्यादा 80 वरून 65. सर्व्हर रूमचे एसी आणि लिफ्ट या यादीत कधीच येत नाहीत. मर्यादा 450 वर ठेवू नका, 425 वर ठेवा. भार तोडणारा रिले उशिरा चालतो, आणि माणूस त्याहून उशिरा.

पहिल्या महिन्यात फक्त लोड सर्व्हे, घड्याळ, कपॅसिटर, पंपाचा टायमर आणि सोमवारची वेळ, एवढंच करा. एकाच वेळी दहा गोष्टी बदलल्या तर कशाने किती उतरलं ते कळत नाही, आणि मालक विचारतातच. दर सोमवारी दहा वाजता मीटरवरचा एमडी (मॅक्सिमम डिमांड) वाचून वहीत लिहायला ऑपरेटरलाच सांगा. 400 च्या खाली आला की त्याचा आकडा त्यालाच मालकांना सांगू द्या.

आणि डिमांड उतरली म्हणून लगेच करार कमी करायचा अर्ज टाकू नका. एक पूर्ण मार्च ते जून 400 च्या आत गेला, त्यात निदान एका तरी गुरुवारी वीज जाऊन परत आली, की मग 420 साठी अर्ज करा.